हाँगकाँगच्या विमानातल्या दोन जागा

जपानला जायचं ते याच ईस्टरच्या सुटीत, असं पद्माकरने ठरवून टाकलं होतं. त्याला देवळांचं किंवा चेरीच्या फुलांचं वेड लागलं होतं असं नाही. तो रॉयल एअर फोर्समध्ये डॉक्टर. लष्कराच्या विमानात जागा उरली, तर तो, त्याची बायको आणि मुलगी हाँगकाँगपर्यंत जवळजवळ फुकटात जाऊ शकत होते. आणि बायको म्हणून माझं नाव त्याच्या कागदांवर फार तर सप्टेंबरपर्यंत राहणार होतं. वकील तसं म्हणाला होता.

सतरा वर्षांचा संसार मोडायचा, पण त्याआधी त्याच्यावर एक सहल उकळून घ्यायची, ही अक्कल पद्माकरचीच. मीही हो म्हटलं. त्या वर्षी मी सगळ्यालाच हो म्हणत होते. आम्ही भांडत नव्हतो, भांडणं संपूनच वर्ष झालं होतं. जेवणं व्हायची, भांडी घासली जायची, नऊच्या बातम्या तिघं एका सोफ्यावर बसून बघायचो. नॉटिंगहॅमला माझी कॉलेजची मैत्रीण रेखा होती. तिने तिच्याच रस्त्यावर माझ्यासाठी फ्लॅट बघून ठेवला होता आणि तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीही मिळाली होती. राहिला होता एकच प्रश्न. अनुराधा कुणाकडे राहणार?

ती चौदा वर्षांची. या वयाच्या मुलांना विचारावंच लागतं, असं वकिलाचं म्हणणं. आम्ही तर तिला अजून काही सांगितलंच नव्हतं. "जपानहून आल्यावर बघू," असं आमचं ठरलं होतं, आणि वर्षभरात आमचं एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत. मला ती माझ्याकडे हवी होती. पद्माकरजवळ मी ते बोलले नव्हते, पण दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तो तिच्यासाठीच. बाकी सगळं त्याने ठेवून घेतलं असतं तरी माझं काही अडणार नव्हतं.

तर एप्रिल ब्याण्णवमधल्या एका गुरुवारी ऑक्सफर्डजवळच्या हवाई तळावर आम्ही सकाळी आठपासून बसून होतो. पाय पसरून झोपलेले सैनिक, कडेवर पोरं घेतलेल्या त्यांच्या बायका, आणि मशीनमधून येणारा चहा, ज्याला कॉफी म्हटलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. ड्यूटीवर जाणारे आधी, मग त्यांची कुटुंबं, आणि पंगत उठल्यावर उरलंसुरलं असेल तर आम्ही. हाँगकाँगहून पुढे जपानची तिकिटं साध्या विमानाची, शनिवारची, न बदलता येणारी. अनुराधा मांडीवर जपानच्या रेल्वेचं टाइमटेबल घेऊन बसली होती. मी करून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या तिने कुणी बघत नाहीसं पाहून खाल्ल्या.

दोनच्या सुमाराला काउंटरवरच्या कॉर्पोरलने पद्माकरला हाक मारली. दोन जागा आहेत, तीन नाहीत. पाच मिनिटांत सांगा, नाहीतर पुढच्या नावाला देतो. यानंतरचं विमान मंगळवारी.

"तू जा तिच्याबरोबर," पद्माकर मला म्हणाला.

"नको, तूच जा. हॉटेलांचं, पासेसचं सगळं तुला माहीत आहे."

"त्यात काय माहीत असायचंय? लिहिलेलं आहे सगळं."

"तुलाच हवं होतं ना जपान? मग जा."

घरात दिवसाकाठी चार वाक्यं न बोलणारी माणसं आम्ही, तिथे एकमेकांना आग्रह करत उभे राहिलो. तोंडाने मी 'तू जा' म्हणत होते आणि मनात म्हणत होते, आता एकदा नको म्हण, म्हणजे मी हो म्हणते. पण पटकन हो म्हटलं असतं, तर मुलीवर हक्क सांगितल्यासारखं दिसलं असतं. त्याचंही तेच चाललं असणार. इतकी वर्षं एकत्र काढल्यावर तेवढं कळतं.

अनुराधाने टाइमटेबल मिटलं. "मी बाबाबरोबर जाते," ती म्हणाली.

"बरं," मी म्हटलं.

"म्हणजे ओन्ली ट्रिपला नाही. नंतर पण." ती माझ्याकडे न बघता सॅकचे पट्टे आवळत होती. "आई, तुझ्याकडे रेखामावशी आहे. तुझा नवीन जॉब आहे. बाबाकडे कोणीच नाही."

"तुला कुणी सांगितलं हे?" पद्माकरने विचारलं.

"सॉलिसिटरचा लेटर किचनच्या ड्रॉवरमध्ये होता. मला ख्रिसमसपासून माहीत आहे. आय वॉज वेटिंग, तुम्ही सांगाल म्हणून."

कॉर्पोरल घड्याळाकडे बघत होता.

असं कधी झालंच तर मी कोसळेन, असं मला वाटायचं. तसलं काही झालं नाही. दाढ काढल्यावर इंजेक्शनचा अंमल असतो तोवर गाल आपला वाटत नाही, तेवढंच झालं. दुःख झालं होतं, खूप झालं होतं, हे मला ठाऊक होतं, फक्त ते पोचत नव्हतं. मी पुऱ्यांचा डबा तिच्या सॅकमध्ये कोंबला. तिचा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होता, तो काढून पद्माकरच्या हातात दिला.

"तू चिडली नाही ना?" अनुराधाने विचारलं.

"नाही गं. थंडी असेल तिथे, स्वेटर हाताशी ठेव."

"सुप्रभा, मी तिला काहीही..." पद्माकर म्हणाला.

"माहीत आहे मला. जा, नाहीतर जागा जातील."

त्याने गाडीची किल्ली दिली. मोटरवेने जाऊ नकोस, तुला सवय नाही, म्हणाला. मग ते दोघं दारातून आत गेले. अनुराधाने एकदा वळून हात केला, मीही केला.

कॉर्पोरल भला मुलगा होता. मी अजून काउंटरपाशीच उभी आहे हे बघून त्याने विचारलं, मंगळवारच्या यादीत तुमचं नाव ठेवू का?

"नको, काढा."

त्याने दुसरा कागद पुढे ओढला. परतीच्या विमानासाठी तिघांची नावं आहेत म्हणाला, ती तशीच राहू देत?

"नाही," मी म्हटलं. "येताना ते दोघंच आहेत."