बाशाचं पथ्य

इजिप्तमधल्या टांटा शहरातल्या इन्शिराहबाईंनी जन्मभर गच्चीवर ससे पाळले, ते मुलूखियाच्या हिरव्या रश्श्यात शिजवायला. त्यामुळे मुलगी रबाब नोकरीसाठी कुवेतला जाताना आपला लाडका ससा बाशा आईच्या हवाली करून गेली, तेव्हा गल्ली पोट धरून हसली.

बाईंनी मात्र सशाचे नको इतके लाड केले. बरसीमचा ओला चारा, पार्सलीच्या जुड्या, वर स्वतःच्या गुडघ्यांसाठीची कॅल्शियमची गोळी कुटून. म्हातारा झालाय बिचारा, हाडं टिकायला नकोत? एक दिवस बाशा खडू कालवल्यासारखं पांढरं मुतला आणि अंग आखडून कोपऱ्यात बसला. हा मेला तर आपोआप मेला यावर अख्ख्या टांट्यात कोण विश्वास ठेवणार? रबाब तर जन्मात तोंड बघायची नाही.

गोळीचं ऐकून जनावरांच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सशाचं जास्तीचं कॅल्शियम लघवीतून जातं, साचलं की गाळ होतो, गाळाचा खडा होतो, म्हणाले. गोळी बंद, बरसीमही बंद, पार्सलीही बंद. साधं सुकं गवत आणि भरपूर पाणी. लेकीच्या लाडक्यापुढे सुकं गवत टाकताना बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यांनी मन घट्ट केलं. बाशा रुसला तो रुसलाच.

शुक्रवारी रबाबचा फोन आला. बाईंनी तो ओट्यावर उभा केला आणि बोलता बोलता मुलूखियावर लसणाची फोडणी ओतली. ओतताना सवयीनं "हाऽऽ" करून मोठ्यांदा श्वास ओढला. त्याशिवाय मुलूखियाला चव येत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पलीकडे रबाबची नजर पातेल्यावर खिळली.

"आई, बाशा कुठंय?"

"असेल की इथंच."

"असेल म्हणजे? पातेल्यात काय शिजतंय?" रबाबला रडू फुटलं.

बाईंना आधी राग आला, मग फार वाईट वाटलं, आणि मग बाशा खरोखरच दिसेना. पलंगाखाली नाही, दाराआड नाही. शेवटी धुण्याच्या टोपलीत सापडला. फोनसमोर उचलून धरला, तर साहेब बाईंच्या नव्याकोऱ्या झग्यावर मुतले.

"बघ गं बघ, नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ!" भिजलेला झगा दाखवत बाई आनंदानं ओरडल्या.

रबाब डोळे पुसत हसली. "मग पातेल्यात काय?"

"कोंबडी." बाई ओशाळल्या. "हा घरात आल्यापासून ससा घशाखाली उतरत नाही मेला. गल्लीत कुणाला बोलू नकोस."