जिभेवरच्या मुंग्या

कंपाउंडर आयुष्यभर दवाखान्यात लोकांची औषधं मोजत राहिला, पण घरी मात्र एकच औषध स्वतःच्या हाताने करायचा. परसातल्या एकिनेशियाच्या जांभळ्या फुलझाडांची मुळं उपटायची, धुऊन बारीक चिरायची आणि अल्कोहोलमध्ये मुरत ठेवायची. अर्क तयार झाला की पहिला थेंब बायकोच्या जिभेवर. "आल्या का मुंग्या?" हा प्रश्न ठरलेला. जीभ चुणचुणली तर अर्क उतरला, नाहीतर बरणी पुन्हा फडताळात. ती "आल्या" म्हणेपर्यंत स्वारी बाटल्या भरायला घेत नसे.

तो गेला आणि मागे एकच बाटली उरली.

सर्दीची चाहूल लागली की घ्यायचं आणि बरं वाटलं की थांबायचं, हा त्याचा दंडक. "औषध आहे ते, चहा नाही," म्हणून डोळे वटारायचा. आता वटारायला होतं कोण? ती धडधाकट असतानाही रोज सकाळी थेंब घेऊ लागली. जीभ चुणचुणली की तो शेजारीच उभा आहेसं वाटायचं. पण बाटली रिकामी होत चालली तशी ती रोज ती उजेडाकडे धरून किती उरलंय ते बघू लागली. मग तिने त्यात थोडं पाणी घातलं. काही दिवसांनी पुन्हा घातलं. कंपाउंडरच्या बायकोने असं करावं म्हणजे कमालच होती, पण एकट्या माणसाला अडवतं कोण?

थंडीत ती खरोखरच आजारी पडली. घसा धरला, अंग मोडून आलं. थेंब घेतला, मग चमचाभर घेतलं. जीभ ढिम्म. आपणच त्याचं औषध घालवलं, या विचाराने तिला रडू कोसळलं.

"आई, ते ओतून टाक आणि दुकानातून नवीन आण," लेकीने फोनवर फर्मान सोडलं आणि घाईत फोन ठेवला.

वनौषधींच्या दुकानदाराने बाटली पुढे केली. "झाडाचा कुठला भाग आहे, अर्क किती, एका वेळी किती घ्यायचं, सगळं छापलंय. न छापलेलं मी ठेवतच नाही. पण आजी, सर्दी याने पळेलच असा शब्द देत नाही हं. ताप चढला तर डॉक्टरकडे जा."

"मुंग्या येतात का?"

"मूळ चांगलं असेल तर येतात."

घरी येऊन तिने स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून थेंब जिभेवर घेतला. मुंग्या आल्या. अगदी तशाच, तसूभरही फरक नाही. तिला धक्काच बसला. जी चुणचुण त्याची म्हणून ती जिवापाड जपत होती, ती कुणाही परक्याच्या हातच्या औषधाला येत होती. मग त्याचं असं राहिलं काय?

जीभ हळूहळू बधिर झाली. ती तशीच बसून राहिली, सवयीने, कोणीतरी काहीतरी विचारेल म्हणून. घरात कोणी काही विचारलं नाही.

शेवटी समोरच्या खुर्चीकडे बघून तिने आपणहूनच सांगितलं, "आल्या हो."