उस्ता असानालीचा बेल्ट

असानालीने बॉनेटच्या कडेवर तळहात टेकला आणि डोळे मिटले. इंजिन सुरू होतं, पण त्याला चालणं म्हणवत नव्हतं. गाडी जागच्या जागी कुडकुडत होती. बंपरवर ठेवलेली चहाची पियाली सरकत सरकत कडेला आली, तशी तुरातने ती उचलून घेतली.

“पेट्रोल,” तुरात म्हणाला. “हल्ली काय वाट्टेल ते भरतात, उस्ता. तुमचा काही दोष नाही.”

“माझा आहे असं कोण म्हणालं?”

“कोणीच नाही. तेच सांगतोय.”

तुरात काराकोल ते बालिक्ची शेअर टॅक्सी चालवायचा आणि सगळ्या गावासारखाच असानालीला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणायचा. चार दिवसांपूर्वी असानालीने त्याच्या जुन्या जर्मन गाडीचा टायमिंग बेल्ट बदलला होता. तेव्हापासून गाडी उभी असली की थरथरायची आणि चढाला लागली की धापा टाकायची. काल एका चढावर मागच्या सीटवरच्या आजीबाईंनी, उतरून चालत येऊ का, असं विचारलं होतं. त्या थट्टा करत नव्हत्या, घाईत होत्या.

महिन्याभरात परत आलेली ही तिसरी गाडी. पहिलीच्या मालकाने थंडीला बोल लावला, दुसरीच्या मालकाने बायकोच्या गाडी चालवण्याला. असानालीने दोघांचंही ऐकून घेतलं होतं. माणूस सत्तरीला आला की त्याच्याशी खोटं बोलणं हा त्या गावात संस्काराचा भाग होता, आणि असानालीवर ते संस्कार गावाने भरपूर केले होते. पण तीन गाड्या म्हणजे जरा जास्तच. त्याआधीच्या कितीतरी वर्षांत त्याचा एकही बेल्ट परत आला नव्हता. लग्नकार्यात दुसऱ्या पियालीनंतर तो हे सांगायचा आणि ऐकणारे खाली बघून माना हलवायचे.

त्याने इंजिन बंद करायला लावलं आणि स्टूल ओढलं. गुडघा गेल्यापासून तो बसूनच काम करायचा. स्पार्क प्लग काढून एकेक नाकाशी नेला. वायरी चाचपल्या. हवेचे पाइप कुठे फाटलेत का, ते गालाने तपासलं. डाव्या डोळ्यात दुधासारखं काहीतरी उतरलं होतं, पण त्याचं त्याला फारसं वाटत नसे. इंजिनाला कान लागतात, डोळे बायको शोधताना लागतात, असं तो म्हणायचा. हे वाक्य मिर्लानला फार आवडायचं.

मिर्लानचं गॅरेज बाजाराच्या त्याच रस्त्यावर समोर होतं, एका निळ्या कंटेनरमध्ये. त्याला कुलूप लागून तेवीस दिवस झाले होते. एक्केचाळिसाव्या वर्षी सकाळी बूट घालता घालता तो गेला. त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाची तयारी सुरू झाली होती. अकरा वर्षं तो असानालीच्या हाताखाली होता. मग त्याने समोर स्वतःचं दुकान मांडलं, तेव्हा बाजाराला वाटलं आता जुंपणार. जुंपली नाही. उलट नवीन गिऱ्हाईक आलं की मिर्लान बोट दाखवायचा, “बेल्ट ना? आधी समोर जा. उस्ता आहेत तोवर माझ्याकडे कशाला?” रोज चार वाजता तो चहाला यायचा आणि असानाली त्याला इंजिन कसं ऐकावं ते सांगायचा. ते त्याला आधीच येत होतं.

चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, त्याने मोजलं. काटा चारही वेळा सारखाच कमी चढला. एक कमी असता तर व्हॉल्व्ह म्हटलं असतं. चारही सारखे कमी, म्हणजे एकच गोष्ट उरते, चुकीच्या दात्यावर बसलेला बेल्ट. ती असानालीला ठाऊक होती. त्याने काट्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिलं.

“पेट्रोलनं कॉम्प्रेशन पडत नाही, पोरा.”

“हल्लीच्या पेट्रोलचं काही सांगता येत नाही,” तुरात म्हणाला.

असानालीने बेल्टचं झाकण उघडलं. खालच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोनदा पूर्ण फिरवलं आणि वरच्या पुलीची खूण पाहिली. कडेवरची चीर मागच्या पत्र्यावरच्या रेघेला तंतोतंत भिडलेली. पुन्हा फिरवलं. पुन्हा तंतोतंत.

“इकडे ये. खूण बघ. लागते का रेघेला?”

तुरात उभ्यानेच वाकला. त्याने पाहिलं. मग त्याने उगाच जाकिटाची चेन वर ओढली, खाली ओढली.

“लागते, उस्ता.”

“नक्की?”

“तुम्ही बसवलीय म्हटल्यावर लागणारच ना.”

असानालीने गाडीच्या कडेला धरलं आणि स्टुलावरून उठला. गुडघ्याने जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. उभं राहून, चांगला डोळा समोर आणून त्याने पाहिलं. चीर रेघेच्या पुढे होती. थोडीथोडकी नाही, चांगली एक दाता पुढे. तो हळूहळू पुन्हा खाली बसला. तिथून तिरकं पाहिलं की खूण परत रेघेला लागली.

तो तसा दोनदा उठला, दोनदा बसला. तुरात तोवर डोंगरांकडे पाहत होता. डोंगरांत त्या दिवशी पाहण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्यांदा उठल्यावर त्याला वरच्या पुलीच्या बोल्टावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिसला. जुना, तेलाने काळवंडलेला. बसून पाहिलं की तो पुलीच्या कडेआड जायचा. तपासून झालेल्या बोल्टावर ठिपका द्यायचा, ही त्यानेच मिर्लानला लावलेली सवय. त्याने स्वतः ती कधीच सोडली होती. आपण केलेलं काम तपासायचं कशाला?

“तुरात, दोन वर्षांपूर्वीही या गाडीचा बेल्ट मीच टाकला होता.”

“हो, उस्ता.”

“तेव्हा नीट चालली.”

“तेव्हा पेट्रोल चांगलं होतं.”

“माझ्याकडून निघून तू कुठे गेला होतास?”

तुरातने चेन पुन्हा वर ओढली. “मिर्लानकडे,” तो म्हणाला. “मागच्या गल्लीनं. तुम्हाला दिसू नये म्हणून.”

निळ्या कंटेनरचं दार त्याच वेळी करकरलं. शुक्रवार होता. मिर्लानची बायको शेकेर तळलेल्या बोर्सोकचं, कणकेच्या गोळ्यांचं, भांडं घेऊन आली होती. माणूस गेला की त्याच्या नावाने तेलाचा वास सुटला पाहिजे, मग तो घरी सुटो की दुकानात. असानालीने पाना खाली ठेवला आणि रस्ता ओलांडला.

तिने त्याच्या हातांवर पाणी घातलं, पुसायला फडकं दिलं, स्वतःची खुर्ची दिली. मागे भिंतीवर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लटकलेले होते. त्याने दुआ म्हटली, एक बोर्सोक घेतला आणि हातातच धरून बसला.

“शेकेर, लेकी. माझ्या किती गाड्या इथे यायच्या?”

तिने भांड्यावरचं फडकं नीट केलं.

“सगळ्या नाही,” ती म्हणाली.

समोर तुरात अजून डोंगरांकडेच पाहत होता.

“कधीपासून?”

“तीन वर्षं झाली असतील. तुमच्या डोळ्याचं सुरू झालं तेव्हापासून.”

“त्याने मला सांगायचं ना.”

“सांगणार होते हे. स्वयंपाकघरात उभं राहून सराव करायचे. ‘उस्ता, एकदा डोळा दाखवून या, मी येतो बरोबर.’ मला तुमच्या जागी बसवायचे. मी म्हणायचे, जमलं की, आता जा. मग चार वाजता तुमच्याकडे यायचे.” तिने भांडं त्याच्याकडे सरकवलं. “घरी आल्यावर विचारलं की म्हणायचे, आज उस्ता फार छान बोलत होते, मध्येच कसं तोडणार?”

असानालीने बोर्सोक खाल्ला. खाल्ल्याशिवाय उठणं बरं दिसलं नसतं.

“बरा झालाय,” तो म्हणाला.

“तेल जास्त झालं.”

“नाही. बरा झालाय.”

परत आल्यावर तो स्टुलावर बसला नाही. त्याने पायाने ते बाजूला सारलं आणि पाना उचलून तुरातच्या हातात दिला.

“मी?” तुरात म्हणाला. “उस्ता, मी फक्त गाडी चालवतो.”

“आज तीही चालत नव्हती. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर सैल कर. त्या बाजूचा. बेल्ट पुलीवरून उचल, खालचं काही हलू देऊ नकोस. आता वरची पुली एक दाता मागे घे. एकच. सरळ समोरून बघ, वाकडं नको. लागली खूण?”

“लागली.”

“मला बरं वाटावं म्हणून सांगतोस?”

तुरातने पुन्हा वाकून पाहिलं. या वेळी त्याने चेनला हात लावला नाही. “नाही, उस्ता. लागलीय.”

“बेल्ट चढव. टेन्शनर आवळ. आता हाताने दोनदा फिरव आणि परत बघ.”

दोनदा तुरातचा पाना सटकला, एकदा बोटाचं साल निघालं. त्याने बोट तोंडात धरलं आणि काम पुढे चालू ठेवलं. तासभर लागला. असानालीला पूर्वी वीस मिनिटं लागायची.

चावी फिरवल्यावर इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि स्थिर झालं. तुरातने काच खाली करून डोकं बाहेर काढलं. त्याच्या कपाळावर ग्रीसचा पट्टा होता.

“मानलं, उस्ता,” तो म्हणाला. “तुमच्या हाताची सर कोणाला नाही.”

असानालीने मान डोलावली. हात त्याने मघापासून पाठीमागे बांधून ठेवले होते.