अकरावं मिनिट

मित्रांनो, कुणी लाडाने तुमच्या तोंडावर गोधडी ओढली तर जीव कसा कासावीस होतो, ते तुम्हाला ठाऊक असेल. मला ते फार उशिरा कळलं. मी रोडपालीतल्या एका घरचा जुना लॅपटॉप आहे. वय आठ वर्षं. तुमच्यात हे खेळायचं वय, आमच्यात म्हातारपण.

समुद्रापारच्या कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. पहिली चार वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारात, एका कचेरीत गेली. उघड्या पत्र्याच्या टेबलावर दिवसभर गाड्यांचे नंबर लिहायचे आणि संध्याकाळी झाकण आपटून घ्यायचं. कुणी कधी मायेने पुसलं नाही. पण खरं सांगतो, तिथे मला कधी धाप लागली नाही.

मग या घरातल्या प्रांजलने मला पनवेलच्या एका दुकानातून आणलं. तिला कॉलेजसाठी हवा होतो. दारातच तिच्या आजीने, भामाने, मला ओवाळलं.

"इद्या हाय ती," भामा म्हणाली. "उघड्या फळीवर नको ठेवू गो."

तिने माझ्यासाठी लाल मखमलीची उशी शिवली, जरीच्या काठाची. मी तिच्यावर बसून काम करू लागलो. दसऱ्याला माझी पूजा होई. शेजारी आजोबांचे नट आवळायचे जुने पाने आणि हातोडी मांडलेली असे. हळद, कुंकू, मूठभर अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. माझा ऊर भरून येई.

आजोबा म्हणजे दादू. मोरा बंदरातून सुटणाऱ्या लाँचवर त्यांनी चौतीस वर्षं इंजिन सांभाळलं. इंजिनाच्या धडधडीवरून हाक मारायची सवय, त्यामुळे घरातही त्यांचं साधं बोलणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाई. श्रावणातल्या एका सकाळी ते चहा पिता पिता एका अंगावर कलंडले. दवाखान्यातून परत आले ते उजवा हात लुळा आणि तोंड मुकं घेऊन. समजत सगळं होतं. शब्द तेवढा फुटत नव्हता.

बोलणं शिकवणाऱ्या अरुंधतीबाईंनी एक व्हिडिओ दिला, बावीस मिनिटांचा. त्यात बाई मोठे ओठ करून आधी तोंडाचे व्यायाम घेत, मग अक्षरं, मग शब्द. रोज दोनदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न तोडता. फोनवर बाईंचे ओठ चिंचोक्याएवढे दिसत आणि दादूंची एका बाजूची नजरही धूसर झाली होती. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला केवढा अभिमान वाटला!

तो दहा मिनिटं टिकला.

आठव्या मिनिटाला माझ्या पोटात कढ आला. नवव्याला पंखा घरघरू लागला. अकराव्याला बाई म्हणाल्या, "आता ओठ मिटा आणि म्हणा, म," आणि त्यांचे ओठ मिटलेले असतानाच मी विझलो. मित्रांनो, आम्ही फार तापलो की जळून जाऊ नये म्हणून आपोआप बंद पडतो. तो आमचा स्वभावच आहे. पण समोर बसलेल्या माणसाला ते कसं सांगणार? माझ्या काळ्या काचेत दादूंना त्यांचंच वाकडं झालेलं तोंड दिसलं. ओठ मिटलेले. ते बराच वेळ तसेच पाहत राहिले.

त्या दिवसापासून रोज तेच. मी निवून परत सुरू होईपर्यंत दादू थकून झोपलेले असत. लगेच उरलेलं पुढून लावलं तर मी आधीचाच तापलेला, आणखी लवकर विझे. व्हिडिओ सुरू झाला की मी मिनिटं मोजू लागे. सहा. सात. आता येणार, आता येणार. भीतीने मी आणखीच तापतो की काय असं वाटे.

त्यातच अरुंधतीबाई म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी पाहू. एकही शब्द आला नाही, तर आजोबांना चित्रांचा तक्ता देऊ. पाणी हवं तर पाण्याच्या चित्रावर बोट ठेवायचं." दादूंनी मान भिंतीकडे वळवली.

प्रांजलने काय काय केलं! बाकी सगळं बंद करून नुसता व्हिडिओ लावला. पडद्याचा उजेड कमी केला. व्हिडिओ दाखवणारं ॲप काढून नवं टाकलं. समोर टेबलफॅन लावला. अकरावं मिनिट काही हललं नाही.

मग भामाने तिचा उपाय केला. माझ्याखाली, उशीवर, बर्फाची पिशवी सरकवली.

"अगं आजी! काय करतेस?" प्रांजल किंचाळली. "पाणी जाईल त्याच्यात!"

"बर्फाव मासली चार दिस ताजी राव्हते, याला काय धाड भरलीय?"

"तो मासा आहे का?"

"मासा असता तर बरा व्हता. कामाचा नाय तर कालवनाचा तरी."

पिशवीवरचा एक थेंब माझ्या कडेशी येऊन थांबला. तो आत आला असता तर माझी गोष्ट इथेच संपली असती. प्रांजलने मला झपकन उचललं आणि दादूंच्या मांडीवर ठेवलं.

दादूंनी डावा तळहात माझ्या पाठीवर ठेवला. मग कडेच्या जाळीशी धरला. तसाच धरून राहिले. त्यांनी खिशातला औषधाचा कागद काढला, दातांत धरून एक पट्टी फाडली आणि जाळीसमोर धरली. आत पंखा ओरडत होता, पण पट्टी हलेना. लाँचच्या कडेने इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची धार पडत असते. ती थांबली की कुठेतरी शेवाळ अडकलं, हे चौतीस वर्षं पाहिलेला माणूस तो. त्यांनी मला उलटं केलं, नखाने जाळीतून काहीतरी उकरलं आणि भामाच्या हातावर ठेवलं.

कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा होता.

प्रांजलने मला तडक दुकानात नेलं. तिथल्या प्रितेशने मला उघडलं आणि हसूच लागला. "ताई, आत देव्हारा आहे का?" पंख्याभोवती धूळ आणि कुंकवाचा जाड थर, सुकलेल्या पाकळ्या, अक्षता. त्याने पंखा बोटाने धरून हवा मारली, आतल्या चिपवरचा उष्णता ओढून घेणारा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. "आणि याला मऊ गादीवर ठेवू नका," तो म्हणाला. "खालून श्वास घेतो हा."

घरी ते ऐकून भामा नुसती उशी झटकत बसली. दादूंनी मात्र खुणा करून लाकडाचे दोन गुटके आणवले आणि मला त्यांच्यावर बसवलं. खालून गार हवा आली. पहिल्यांदाच बावीस मिनिटं पुरी झाली.

पण शब्द आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. मला वाटू लागलं, मी सुधारलो तोवर वेळ निघून गेली.

बुधवारी सकाळी भामाने मला पुसलं. "चार दिस लाकडाव बसलाय, टोचत असंल बिचाऱ्याला," असं पुटपुटली आणि गुटके काढून मला पुन्हा उशीवर ठेवलं. व्हिडिओ सुरू झाला. आठव्या मिनिटाला तोच कढ. नवव्याला घरघर. दादूंनी डाव्या हाताने माझ्या उशीखालचा चौरंग थोपटला.

"पानी पायजे काय?" भामाने विचारलं.

त्यांनी मान हलवली. पुन्हा थोपटला, जोरात.

"मंग काय? पंखा लावू? पाय दुखतो?"

दहावं मिनिट. दादूंच्या मानेची शीर फुगली, वाकडे ओठ थरथरले, आणि लाँचवर हाक मारावी तसा आवाज निघाला.

"उचल!"

प्रांजल आतून धावत आली. भामाने दचकून मला उशीवरून उचललं आणि तशीच छातीशी धरून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड काही थांबलं नाही.

"चार म्हयने वाट बगतेय मी, माजं नाव घेतील म्हनून. आनि घेतलं काय, तर या डब्याची बाजू!"

दादू हसले. त्यांनी पुन्हा म्हटलं, हळू, जपून, "उचल." तिच्या हातांवर मी असताना अकरावं मिनिट आलं आणि निघून गेलं.

गुरुवारी अरुंधतीबाईंनी तो तक्ता कपाटातून काढलाच नाही.

मित्रांनो, आम्हाला ओवाळा, आम्हाला आवडतं. पण फूल समोर ठेवा, अंगावर नको. आमच्या जाळीशी अधूनमधून तळहात धरून पाहा. वारा लागत नसेल, तर आम्हाला तेच सांगायचं असतं आणि सांगता येत नसतं. ती लाल उशी आता दादूंच्या लुळ्या हाताखाली असते. तिथे ती शोभतेही.