नाव न घेता सापडलेला गेंडा

आमच्या मसाई लोकांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. पंचाईत अशी, की उद्यानातल्या भांडखोर गेंड्याला वाटाड्यांनी माझ्या बाबांचंच नाव दिलं होतं. बाबा गेल्यावर त्यांची जीप घेऊन मी पहिल्यांदाच निघाले होते आणि पाहुण्यांना गेंडाच बघायचा होता.

वायरलेसवर वाटाडे पार्सालोईकाका म्हणाले, “पोरी, तो दिसलाय. ओढ्याच्या वळणावर.”

“तो कोण, काका?”

“तोच गं. पोट पुढं, वाटेत आडवा, सरक म्हटलं की रुसतो.”

“शिवाय कुणाचं ऐकत नाही,” दुसरा वाटाड्या म्हणाला.

“आणि धडक देऊन वर स्वतःच रागावतो,” तिसरा म्हणाला.

हे तर हुबेहूब बाबा. मला हसू आवरेना; जीप वेडीवाकडी धावू लागली.

वळणावर गेंडा सापडला. पाहुण्यांनी त्याचं नाव विचारलं.

“तुम्हीच ठेवा एखादं,” मी म्हटलं.