मढ्याचे चार क्रेडिट

गोपाल मेला तेव्हा मी दारूची बाटली होतो, त्यामुळे मला सगळं जवळून दिसलं.

आधी मरणाचं कारण सांगतो. नव्या धोरणात बी.ए.ला नुसती गाईडं वाचून भागत नाही. बाहेर कुठंतरी खरोखरीचं काम करावं लागतं. त्याचे चार क्रेडिट मिळतात, आणि ते मिळाले नाहीत तर बाकीच्या पेपरांत तुम्ही काय दिवे लावले हे कोणी विचारत नाही. वर्गातली हुशार पोरं बँकेत लागली, पंचायत समितीत लागली, एक तर पेट्रोल पंपावर लागला आणि आम्हाला हवा मोफत भरून द्यायला लागला. मी, गोपाल आणि भार्गवी उशिरा जागे झालो. आमच्या वाट्याला नाटक आलं.

नाटक म्हणजे नांदुऱ्याच्या सुधाकर सरांचं कलापथक. सरांचा मूळ धंदा मंडप डेकोरेशनचा. लग्नसराई संपली की ते सरकारी योजनांची पथनाट्यं करत गावोगावच्या बाजारात फिरत. त्याचे पैसे मिळत, म्हणून कॉलेजच्या लेखी ती व्यावसायिक रंगभूमी. यंदाचं नाटक दारूबंदीचं. दारुडा मरतो, बायको रडते, बाटली हसते, शेवटी सगळ्या गावानं शपथ घ्यायची. बोलायची मोठी कामं सरांच्या जुन्या माणसांनी धरून ठेवली होती. जिवंत दारुडासुद्धा जुनाच होता. पण मेल्यावर त्याला ढोलकी वाजवायला बसावं लागे, म्हणून तिथून पुढं मढं गोपालचं. विधवा भार्गवीची. मी बाटली. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पुठ्ठा, डोक्यावर झाकण.

"मढ्याचं काम सोपं नसते बे," सर पहिल्याच दिवशी म्हणाले. "जित्या माणसाची चूक झाकता येते. मढं हललं की नाटक खलास."

गोपाल हलायचा. मलकापूरच्या बाजारात त्याच्या तळपायाला शेळीनं जीभ लावली आणि मढं फिसकन हसलं. लोक आठवडाभर त्यावर खूश होते, सर नव्हते. त्यांनी कॉलेजला तसं कळवलं. मग आमच्या सुलभा मॅडमनी गोपालला बोलावून सांगितलं, की नांदुऱ्याच्या प्रयोगाला बाहेरच्या परीक्षक येणार आहेत, आणि त्यांच्यासमोर तू हललास तर चारही क्रेडिट गेले असं समज. क्रेडिट गेले की वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की कॉलेज बंद, हे त्याच्या बापानं, निवृत्तीकाकानं, आधीच सांगून ठेवलं होतं.

गोपाल मूळचा लोणार तालुक्यातल्या बीबीचा. शिकायला नांदुऱ्याला तानुआत्याकडं राहायचा. आत्या निवृत्तीकाकांची बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकरू नाही, शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. मीही तिच्याकडं इतक्या वेळा जेवलोय, की माझ्या आईला तिचा राग येतो. मढ्याचं गोपालनं तिला सांगितलं नव्हतं. ती ताटात वाढता वाढता विचारायची,

"नाटकात तुले काम कोणतं हाय रे?"

"मेन हाय आत्या. सगळं नाटक माह्याच भोवती फिरते."

यात एक शब्द खोटा नव्हता. मी स्वतः त्याच्याभोवती फिरायचो.

"मंग मी येतो ना पाहाले."

"नको वं. लय गर्दी असते."

"अन् ते क्रेडिट भेटलं की नोकरी लागते का?"

"नाही. नाही भेटलं की वर्ष जाते."

"म्हणजे भेटाचा फायदा काहीच नाही," आत्या म्हणाली, "नाही भेटाचा तोटाच हाय फक्त." धोरण इतक्या थोडक्यात आम्हाला कोणी समजावलं नव्हतं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी गोपाल बीबीहून परत आला तो डोकं चोळतच. सकाळी अंगणात दात घासताना त्याला कावळा शिवला होता. आमच्याकडं कावळा डोक्याला शिवला म्हणजे मरण हुंगून गेला असं धरतात. उपाय एकच. तो माणूस मेला असा खोटा सांगावा जवळच्या कोणाला तरी धाडायचा. ते माणूस रडलं, की पुढं व्हायचं रडणं आधीच उरकलं, संकट टळलं. मग लगेच दुसरा सांगावा धाडायचा, की काही नाही, कावळा होता.

"मायनं तेच सुरू केलतं," गोपाल म्हणाला. "मी म्हटलं, खबरदार असं काही केलं तर. मी तसाही हप्त्यातून दोनदा मरतोच."

तो निघून आला. विमलबाई, त्याची आई, रात्रभर झोपली नाही. सकाळी तिनं नवऱ्याला फोन लावायला सांगितलं, कारण पोटच्या पोराबद्दल तसं बोलायला तिची जीभ उचलेना. निवृत्तीकाकांची उचलली. शाळेच्या स्वयंपाकघरात आत्यानं फोन घेतला. काका म्हणाले, "तानू, आपला गोपाल वारला वं. तिकडंच, नांदुऱ्यात." आणि रीतीप्रमाणं फोन ठेवला. चहा घेतला. मग दुसरा फोन लावला. तो तांदळाच्या पोत्यावर नुसता वाजत राहिला. आत्या सरकारी दवाखान्याच्या दिशेनं पळत सुटली होती. चपला स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच राहिल्या होत्या.

दवाखान्याची वाट बाजारातून जाते.

बाजारात आमचा प्रयोग ऐन रंगात होता. परीक्षक पुष्पांजली मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीत, छत्रीखाली, मांडीवर कागद घेऊन. त्यांना दुपारची गाडी होती, म्हणून मरण भर उन्हात ठेवलं होतं. रिंगणात गोपाल, अंगावर पांढरी चादर, तोंड उघडं. भार्गवी छाती पिटून "माह्या धन्या, मले सोडून कसा गेला रे" करत होती, आणि मी माझ्या एकमेव प्रसंगात होतो. प्रसंग असा, की बाटलीनं मढ्याभोवती नाचत मोठमोठ्यानं हसायचं आणि म्हणायचं, "आता कोणाचा नंबर?"

मी "हा हा हा" केलं आणि गर्दी फाटली.

आत्या आली. हात हळदीनं पिवळे, पदर खांद्यावरून सुटलेला. तिनं ढोलकी पाहिली नाही, बाटली पाहिली नाही, लोक पाहिले नाहीत. चादर पाहिली आणि तोंड पाहिलं. मग ती जी खाली बसली, तसं बसणं आमच्या तालमीत कधी कोणाला जमलं नाही.

"गोपाल्या! अरे सकाळी तर डबा नेला ना रे!"

गर्दीतल्या बाया मागून हुंदके द्यायला लागल्या. माझ्या बाजूला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "ही बाई इकडची नाही. नागपूरहून आणली असल."

मी सरांकडं पाहिलं. सरांनी आत्याला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, आम्ही पोरांनी परीक्षेसाठी जास्तीची तयारी केली. त्यांनी खूश होऊन हातानं खूण केली: चालू द्या. मी मॅडमकडं पाहिलं. त्या लिहीत होत्या. मी गोपालकडं पाहिलं. त्याचा गळा एकदा वरखाली झाला आणि थांबला.

त्यानं उठायला पाहिजे होतं. तो उठत नाही म्हटल्यावर मी थांबायला पाहिजे होतं. पुठ्ठ्याची बाटली काढायला दोन बंद सोडावे लागतात, बस. पण चार क्रेडिट माझेही होते. मी दुसरा फेरा घेतला. हसलो. आत्याच्या डोक्यावरून "हा हा हा" केलं. स्क्रिप्टमध्ये तसंच होतं, आणि आवाज बरा लागला होता, हेही सांगून टाकतो.

आत्याचं लक्ष भार्गवीकडं गेलं. कुंकू पुसलेली, बांगड्या फुटलेली, तिच्या गोपालला धनी म्हणणारी एक पोरगी.

"तू कोण वं माय?"

भार्गवीला यावर संवाद नव्हता.

"लगीन केलतं का यानं? अन् मले सांगतलं नाही!" आत्यानं तिला ओढून छातीशी धरलं. "सांगतलं असतं तर मी का मारलं असतं व्हय रे गोपाल? घरात घेतलं असतं ना तिले." मग भार्गवीच्या केसांवरून हळदीचा हात फिरवत म्हणाली, "कुठी जाऊ नको बाई आता. माह्याजवळ राह्य. माह्याही घरी दुसरं कोणी नाही."

भार्गवी रडायला लागली. आतापर्यंत ती रडत नव्हती हे तेव्हा सगळ्या बाजाराला कळलं.

आत्या परत गोपालकडं वळली. त्याच्या कपाळावरचे केस मागं सारले. गालावर हात ठेवला. हात तिथं जरा जास्त राहिला. मग ती वाकली आणि तिनं कान त्याच्या छातीवर टेकवला. लोकांना वाटलं, ही आता बेशुद्ध पडते. मी सगळ्यांत जवळ होतो. मिटलेल्या पापणीतून गोपालच्या कानाकडं पाणी चाललं होतं, आणि मढ्याला घाम फुटला होता.

आत्या उठून बसली. रडणं थांबलेलं. तिनं पहिल्यांदा इकडं तिकडं पाहिलं. ढोलकी पाहिली. छत्रीखालची मॅडम, तिचा पेन. मग मला पाहिलं. झाकणाखाली माझं तोंड ओळखलं. मला वाटलं, ती आता पायातली चप्पल काढेल. पायात चप्पल नव्हती. मी वाट पाहत होतो. तिनं काहीतरी बोलून टाकावं म्हणजे तिथंच नाटक संपेल, आमचं जे व्हायचं ते होईल, आणि निदान ते तिनं केलेलं असेल, आम्ही नाही.

तिनं चादर वर ओढली आणि गोपालचं तोंड झाकलं. ओढता ओढता अगदी हळू म्हणाली, "हलू नको." मग त्याचा श्वास दिसू नये म्हणून छातीवर स्वतःचे दोन्ही हात दाबून धरले आणि पुन्हा रडायला सुरुवात केली.

शेवटपर्यंत रडली. गावानं शपथ घेतली तेव्हाही ती रडत होती.

टाळ्या झाल्यावर पुष्पांजली मॅडमनी आम्हाला जवळ बोलावलं. मढ्याला नाही, ते अजून पडूनच होतं. त्या म्हणाल्या की बाटली ठीक, पत्नीनं उत्तरार्धात फार चांगलं पकडलं, आणि प्रेतानं जो संयम दाखवला तो क्वचितच पाहायला मिळतो. त्याला पूर्ण गुण. "त्या काकू कोण? सुरुवात जबरदस्त होती त्यांची. शेवटी मात्र जरा कृत्रिम झालं. रडणं आतून येत नव्हतं. त्यांना सांगा."

"सांगतो मॅडम," सर म्हणाले. "आमच्याच ग्रुपच्या आहेत."

भार्गवीनं माझ्याकडं पाहिलं, मी माझ्या बाटलीवरचं लेबल सरळ केलं. मॅडमची रिक्षा स्टेशनकडं गेली.

गर्दी पांगली. सर ढोलकीवाल्याला घेऊन चहाला गेले, भार्गवी कोपऱ्यातल्या नळावर तोंड धूत राहिली. रिंगणात मी आणि मढं.

"उठ बे गोपाल्या," मी म्हटलं. "भेटले तुले. फुल."

चादरीतून आवाज आला, "आत्या गेली का?"

"नाही."

"काय करून राह्यली?"

समोर कापसाच्या दुकानाच्या ओट्यावर आत्या बसली होती. पाय वर घेतलेले. कोणीतरी तिला पाण्याचा गिलास दिला होता, तो तसाच भरलेला बाजूला. आम्ही कलाकारांनी कडेला काढून ठेवलेल्या चपलांतून तिनं गोपालच्या चपला शोधून काढल्या होत्या आणि मांडीवर धरल्या होत्या.

"तुह्या चपला घेऊन बसली," मी म्हटलं.

चादर जराशी हलली.

"तिले कोणी सांगतलं बे, का मी मेलो म्हणून?"

"मले काय माहीत. तू उठून विचार ना."

"तू विचार."

"मी हसलो बे तिच्या डोक्शावर. मी कोणत्या तोंडानं विचारू?"

"मंग मी कोणत्या?" गोपाल म्हणाला, आणि त्यानं आतून चादरीची कड मुठीत घट्ट धरली.

दोन पोरं येऊन मढ्याकडं पाहून गेली. एका बाईनं लांबूनच हात जोडले. शेवटी आत्याच उठली. तापलेल्या रस्त्यावरून टाचा उचलत उचलत आली. माझ्याकडं पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती वाकली, आणि चपला गोपालच्या पायांशी नीट जोडीनं ठेवल्या.

"घाल," ती म्हणाली. "रस्ता लय तापला."

चादरीखालून गोपालचे पाय बाहेर आले, चाचपडत एकेक करून चपलांत शिरले. तोंड त्यानं काढलं नाही.