हिरवं ठेवलेलं झाड

आमच्या अंगणापलीकडे तामारुगो या वाळवंटी जातीचं एकच झाड हिरवं आहे. बाकीची उभ्या उभ्या वाळलीत. खाणीनं जमिनीखालचं पाणी ओढायला घेतलं तशी विहीर आटली. आता टँकर येतो, आणि तो आला नाही की मी माझ्या लेकीचे, नायराचे ओठ न्याहाळत बसते.

इकीके शहरातून बहीण सारखी म्हणायची, "ताई, पोरीला घेऊन ये इकडे." मी बॅग काढलीसुद्धा होती. तेवढ्यात झाडाला पालवी फुटली आणि सासूबाईंनी मला हाताला धरून तिथं नेलं.

"बघ! पाऊस नाही, पाणी नाही, तरी पालवी. मुळं खोल लागतात, सूनबाई. तू पडलीस कुंडीतली."

लागलं मनाला. पण पटलंही. भर दुपारी पानं उन्हाला कड देऊन मिटून घेतात, ते बघत मी खाली बसायची. वाटायचं, कमी मागावं, खोल जावं, टिकावं. बहिणीला नाही म्हणून कळवलं.

रविवारी नायरा झाडाखाली चमच्यानं उकरत होती.

"आई, झाडानं सू केली!"

वाळू ओली होती. खाली काळी नळी, थेंब थेंब गळणारी. पायानं वाळू सारत मी नळीच्या मागं गेले, तर ती थेट खाणीच्या कुंपणाशी. खाणीत कामाला असलेला माझा नवरा, वेन्सेस्लाओ, सुट्टीवर आला होता. तो मागून धावत आला.

"तू टाकलीस ही?"

"मग काय आकाशातून पडली? तपासणीवाले झाड बघतात. हिरवं दिसलं की लिहितात, जमिनीखाली पाणी आहे."

"आणि आपली विहीर?"

"विहिरीत कोण डोकावतंय! झाक ते आधी. नोकरी जाईल माझी."

तिकडे झाडाखाली नायरानं नळीला तोंड लावलं होतं. मी धावत जाऊन तिला ओढलं. पाण्यात काय असेल, कोण जाणे. ती रडायला लागली. मी वाळू लोटली, हातानं थापून सारखी केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मायलेकी इकीकेला निघालो. सासूबाई खोडाला टेकून उभ्या होत्या.

"शिकलेली म्हणे! झाडाकडून काही शिकली नाहीस."

नळीचं जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण त्यांचा हात खोडावरून फिरत होता, नातवंडाच्या पाठीवरून फिरावा तसा. मी बॅग उचलली.

बस सुटली. नायरा खिडकीतून झाडाला टाटा करत होती. मी तिचा हात धरून खाली घेतला.